घोडं कुठे पेंड खातंय?

संपादकांचा फोन आला तेव्हा पावसाने नुकताच जोर धरला होता. यंदाच्या अंकाचं सूत्र ‘दुरुस्ती’. घड्याळं, सतारी, गळकी धरणं, विस्कटलेले संसार असं सगळं आधीच वाटून झालेलं. “तुम्ही अशी दुरुस्ती शोधा, जिला पाना-पक्कड लागत नाही,” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

माझा जन्म मुद्रितशोधनात गेला. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर घर चाललं. भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात दोन तरुण माणसं तीन दिवस कसल्याशा चुकीच्या मागे लागली आहेत, असं भाच्याने सांगितलं, तेव्हा मला राहवेना. पिशवीत डबा टाकला, छत्री घेतली आणि पीएमपीच्या बसमध्ये चढलो.

कॅरेटांचा हिशोब

गाळ्याच्या पुढच्या भागात लेथ, मागच्या भागात पार्टिशन घालून केलेली खोली. खोलीत दोन टेबलं आणि एका टेबलावर पत्त्याच्या कॅटएवढी हिरवी पाटी : रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. तिच्यातून निघालेली एक वायर कॅमेऱ्याला, एक स्क्रीनला. यंत्राचं लोखंडी काम पाहणारा भागीदार जुन्नरकडचा. सॉफ्टवेअर बघणारी मंचरची, वय तिशीच्या आत. दोघांनी बजावलं, “काका, नावं छापू नका. गिऱ्हाईक वाचेल.”

गिऱ्हाईक नारायणगावचं. तिथल्या टोमॅटोच्या बाजारात माल प्लास्टिकच्या कॅरेटमधून येतो आणि रिकामी कॅरेट परत ज्याची त्याला जावी लागतात. प्रत्येक मालकाने कॅरेटवर आपला मार्का रंगवलेला असतो. कुणाचं नाव, कुणाचा त्रिशूळ, कुणाचं नुसतं वर्तुळात ‘ब’. हंगामात कुणाची किती कॅरेट कुणाकडे राहिली यावरून भांडणं होतात. यांच्या यंत्राखालून कॅरेट सरकलं, की कॅमेरा मार्का ओळखतो आणि मालकाच्या खात्यात एक आकडा वाढतो. बस, एवढंच. चार हंगाम ते बिनबोभाट चाललं. यंदा पावसात मेमरी कार्ड गेलं.

“बॅकअप?” मी विचारलं.

“प्रोग्रामचा आहे. कार्डाचा नाही.” ती स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाली. भागीदार लेथकडे बघायला लागला. हा विषय आधी होऊन गेलेला दिसत होता.

प्रोग्राम म्हणजे तिने लिहिलेल्या सातशे-आठशे ओळी. पण त्या ओळी उभ्या आहेत दुसऱ्यांनी लिहिलेल्या लाखो ओळींवर. त्या लायब्ररीचं नाव ओपनसीव्ही. नवं कार्ड घेतलं, त्यावर आजची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आता ही लायब्ररी मूळ सोर्सपासून पुन्हा बांधायची. त्या बांधकामात तीन दिवस गेले होते.

बाजारात तयार मिळतं की

ओपनसीव्ही म्हणजे यंत्राला बघायला शिकवणाऱ्या साधनांचं भांडार. चित्र धूसर करणं, कडा शोधणं, चेहरा ओळखणं, दोन चित्रांतली सारखी जागा हुडकणं, सगळं त्यात आहे. 1999 साली इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांनी ते सुरू केलं. 2005 साली अमेरिकेच्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत झाली, ती जिंकणाऱ्या ‘स्टॅनली’ गाडीच्या डोळ्यांमागेही हीच लायब्ररी होती. आज कुणीही ती फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी.

आणि ती तयारही मिळते. एक ओळ टाइप केली, की दोन मिनिटांत बांधून ठेवलेली ओपनसीव्ही कार्डावर येऊन बसते. मग दिवाळीचा फराळ विकत मिळत असताना भाजणीपासून सुरुवात का?

उत्तर पेटंटमध्ये निघालं, याची मला गंमत वाटली. मार्का ओळखायला ती जी पद्धत वापरते तिचं नाव सिफ्ट. चित्र फिरलं, लहान-मोठं झालं, थोडं मळलं, तरी त्यातल्या ठळक खुणा ही पद्धत ओळखते. मळकी, तिरकी, अर्धवट पुसलेली कॅरेट ओळखायला याहून चांगलं काय! कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लो यांची ही पद्धत, आणि तिच्यावर अमेरिकेत पेटंट होतं. ते मार्च 2020 मध्ये संपलं. तोवर ओपनसीव्हीवाल्यांनी सिफ्टला मुख्य घरात घेतलं नव्हतं. अंगणातल्या वेगळ्या खोलीत, ‘कॉन्ट्रिब’ नावाच्या जोडभांडारात ठेवलं होतं. तयार बांधून मिळणाऱ्या कित्येक पाकिटांतून ते वगळलेलं असे. ज्याला हवं त्याने सोर्स उतरवून घ्यावा, ‘नॉनफ्री’ नावाची कळ स्वतःच्या हाताने चालू करावी आणि आपल्या घरी बांधावं.

तिचा प्रोग्राम त्या काळातला. ओपनसीव्ही 3.4.0, डिसेंबर 2017 ची आवृत्ती. मार्का जुळला की नाही हे ठरवणारे सगळे आकडे तिने त्या आवृत्तीवर, नारायणगावच्या उन्हात उभं राहून बसवलेले. पेटंट संपल्यावर 2020 च्या 4.4.0 पासून सिफ्ट मुख्य घरात आलं, हे तिला ठाऊक होतं. “पण आवृत्ती बदलली, की आकडे पुन्हा तपासायला लागणार. गिऱ्हाईकाला यंत्र शुक्रवारी पाहिजे.” 3.4 च्याच पुढच्या किरकोळ आवृत्त्यांत बरीच डागडुजी झालेली आहे, निदान त्यातली एखादी तरी घ्यावी, असं भाचा मला आधीच म्हणाला होता. मी ते पुढे केलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी डबा उघडला.

मला अजूनही वाटतं, भाच्याचं बरोबर होतं. पण तीन दिवस जागलेल्या माणसाला सल्ला देऊ नये.

नमनाला घडाभर तेल

बांधकामाला बसण्याआधी सीमेक नावाचा मुकादम चालवावा लागतो. सीमेकचा जन्म 2000 च्या सुमारास अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीत, वैद्यकीय चित्रांच्या एका मोठ्या लायब्ररीसाठी झाला. एकच सोर्स विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर बांधायचा तर प्रत्येक ठिकाणची सामग्री वेगळी. मग आधी कुणीतरी फिरून बघायला हवं, की या घरात काय आहे आणि काय नाही. सीमेक ते बघतो. सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर कुठला आहे? जेपेगची लायब्ररी आहे का? पायथन आहे का, कितवा? नमपाय आहे का? शेवटी तो दोनेक पानांचा गोषवारा छापतो आणि खरं काम ‘मेक’ नावाच्या गड्याकडे सोपवतो.

मेक फार जुना. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली लिहिला. त्याच्या फायलींत आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत. आणि टॅब व स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकून स्पेस पडले, की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून हात वर करतो. हा वेडेपणा लगेच का सुधारला नाही? तर फेल्डमन यांच्या लक्षात आलं तोवर डझनभर माणसं मेक वापरायला लागली होती आणि त्यांच्या चालू फायली मोडणं फेल्डमन यांच्या जिवावर आलं. त्या बारा जणांची सोय पुढच्या लाखोंना छळते आहे. मुद्रितशोधक म्हणून सांगतो, न दिसणाऱ्या जागेची चूक ही सगळ्यांत हलकट चूक.

त्यांचा पहिला दिवस गेला तो सीमेकच्या गोषवाऱ्याकडे नीट न पाहिल्यामुळे. मेक सुरू झाला, टक्के चढायला लागले आणि मध्येच थांबला : ‘फेटल एरर, बूस्टडेस्क बीजीएम डॉट आय, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल नाही. का नाही? सोर्स तर पूर्ण उतरवला होता.

गोम अशी. सिफ्ट ज्या खोलीत राहतं त्याच खोलीत आणखी काही पद्धती आहेत, आणि त्यांना शिकवून तयार केलेले आकड्यांचे लांबलचक तक्ते लागतात. अशा अकरा फायली आहेत, सात बूस्टडेस्कच्या आणि चार व्हीजीजीच्या. त्या सोर्सच्या गठ्ठ्यात नसतातच. सीमेक चालतो तेव्हा तो गुपचूप इंटरनेटवरून त्या आणतो. त्या क्षणी गाळ्यातलं नेट गेलं होतं. सीमेकने ते सांगितलंही होतं, शेकडो ओळींच्या मधोमध, इशारा म्हणून. इशारा म्हणजे चूक नव्हे, असं समजून तो पुढे निघाला. आणि फाइल नाही ही बोंब कितीतरी वेळाने दुसऱ्याच गड्याने ठोकली.

तिने ‘सीमेक डाउनलोड लॉग’ नावाची फाइल उघडून दाखवली. तिथे सगळं लिहून ठेवलेलं होतं : कुठली फाइल, कुठल्या पत्त्यावरून, काय बिनसलं. मोबाइलचं नेट जोडून सीमेक पुन्हा चालवला, अकराही फायली आल्या. उपाय दोन मिनिटांचा आणि शोध दिवसाचा, हे प्रमाण पुढे तीन वेळा दिसलं.

पहिली ठेच शोधायची

माझ्या दुसऱ्या खेपेला मी जरा लवकर पोचलो. ती पुढचं बांधकाम चालवत होती. काळ्या स्क्रीनवर ओळी धावत होत्या, डावीकडे कंसात टक्के. एकदम लाल अक्षरं आली, पण ओळी थांबल्या नाहीत. आणखी वीस-पंचवीस धावल्या आणि मग शेवटची ओळ आली : ‘मेक, एरर टू’.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“काही नाही. शेवटच्या ओळीला काही अर्थच नसतो, काका. मुकादमाने मोठ्या मुकादमाला सांगितलं, त्याने मालकाला सांगितलं, की काम थांबलं. कुणाच्या हातून काय सांडलं ते वर असतं.”

नवखा माणूस शेवटची ओळ उचलून इंटरनेटवर शोधतो. जगातल्या झाडून सगळ्या फसलेल्या बांधकामांच्या शेवटी तीच ओळ असते, त्यामुळे त्याला हजार उत्तरं मिळतात आणि त्यातलं एकही त्याचं नसतं. जाणता वर जातो. पण वर जाणंही सोपं नाही. रास्पबेरी पायच्या पोटात चार कोअर असतात. वेळ वाचावा म्हणून मेकला सांगतात, चार गडी एकदम लाव. एका गड्याच्या फायलीत चूक निघाली तरी बाकीचे तिघे हातातलं काम पुरं करतात आणि त्यांच्या ओळी मध्ये घुसतात. चौघे एकदम बोलायला लागले, की कोण रडतंय ते कळत नाही. म्हणून ती सगळा मजकूर एका फायलीत साठवते, त्या फायलीत ‘एरर’ आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं असा शोध घेते, आणि पहिल्या जागी जाऊन थांबते. दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

हे मला आतून कळलं. खिळ्यांच्या काळात एखाद्या कादंबरीच्या गॅलीत संवादाचं शेवटचं अवतरणचिन्ह पडायचं राहिलं, की पुढची चार पानं निवेदनाचे संवाद आणि संवादांचं निवेदन होऊन जायचं. नवा मुलगा चार पानांत चाळीस खुणा करून आणायचा. चूक एकच असायची, पहिल्या पानावर. कंपायलरचं तेच. एक कंस मिटायचा राहिला तर तो कंस जिथे राहिला तिथे तो ओरडत नाही. पुढे वाचत जातो, आणि ज्या जागी त्याचं डोकं चालेनासं होतं त्या जागेचं नाव घेतो. पुढच्या पन्नास तक्रारी त्या गोंधळलेल्या डोक्याच्या.

तरी आता बरे दिवस आहेत. जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली लोकांपुढे ठेवला. कितीतरी वर्षं तो ओळीचा नंबर आणि एक तुटक वाक्य यापलीकडे फारसं बोलत नसे. मग इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या, ख्रिस लॅटनर आणि त्यांचे प्राध्यापक विक्रम आडवे यांच्या एलएलव्हीएम प्रकल्पातून क्लँग हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. तो चुकीच्या अक्षराखाली बाण काढून दाखवायचा. स्पर्धेने जीसीसीलाही तोंड फुटलं. आडवे आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले. आणि त्याच आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसीच्या पोटात काय चालतं हे उलगडून सांगणाऱ्या कार्यशाळा घेतल्या, त्यासाठी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं. जीसीसी वापरणारे पुष्कळ, आत डोकावणारे थोडे. पारिभाषिक कोशात कंपायलरला ‘संकलक’ म्हणतात, पण भोसरीत हा शब्द मी उच्चारला तेव्हा भागीदाराने विचारलं, “कलेक्शनचं काय?”

शेजार बदलला

त्या दिवशीची चूक अशी होती : ‘कोडेक फ्लॅग ग्लोबल हेडर’ हे नाव या जागी कुणी जाहीर केलेलं नाही. आणि पुढे कंपायलरचा अदबशीर प्रश्न, तुम्हाला ‘एव्ही कोडेक फ्लॅग ग्लोबल हेडर’ म्हणायचं आहे का?

मी म्हणालो, “म्हणजे लिहिणाऱ्याने नाव चुकीचं लिहिलं.”

“नाही. लिहिलं तेव्हा बरोबर होतं.”

या लेखासाठी मी जे काही ऐकलं, त्यात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य.

ओपनसीव्ही व्हिडिओच्या फायली स्वतः उघडत नाही. ते काम एफएफएमपेग नावाच्या दुसऱ्या मुक्त लायब्ररीकडे देते. दोघांत करार असतो, अमुक नावाने हाक मारली की अमुक मिळेल. एफएफएमपेगवाल्यांनी काही नावं बदलायची ठरवली. जुन्या नावाच्या पुढे ‘एव्ही’ लावून नवं नाव आणलं, काही वर्षं दोन्ही चालू ठेवली, जुनं वापरणाऱ्याला इशारे दिले. एप्रिल 2018 मध्ये त्यांची 4.0 ही आवृत्ती आली आणि जुनी नावं गेली. ओपनसीव्ही 3.4.0 त्याआधी चार महिन्यांची. तिला काय ठाऊक? तिचा सोर्स आजही अक्षर न् अक्षर तसाच आहे. मीठ बदललं शेजाऱ्याचं, आणि अळणी लागतं ते हिचं जेवण.

लोखंडाला गंज चढतो तसं सॉफ्टवेअरला काही चढत नाही. भागीदाराने लेथवर हात ठेवून हे ठासून सांगितलं, “माझं यंत्र झिजतं. हिचं झिजत नाही, तरी बंद पडतं.” पुण्यात जुनी मंडळी अजून ‘अलका टॉकीजपासून डावीकडे’ अशा खुणा सांगतात, खूण पाडली गेली तर पत्ता चुकीचा ठरतो, घर असतं तिथेच.

या चुकीवर जगभर फिरणारं एक ठिगळ आहे. त्या फायलीच्या डोक्यावर तीन ओळी टाकायच्या, की जुन्या नावाला नव्याचंच समज. कुणीतरी कधीतरी ठेच खाल्ली, ओळी लिहून ठेवल्या, मागच्यांनी उचलल्या. तिने त्या कॉपी केल्या, चिकटवायला गेली आणि थांबली.

“आपण व्हिडिओ फाइल उघडतो का?” तिने भागीदाराला विचारलं.

“कॅमेराच आहे आपला. फाइल कुठली?”

मग तिने ठिगळ लावलंच नाही. सीमेकला सांगितलं, एफएफएमपेग बंद. सोबत चाचण्या बंद, नमुन्याचे प्रोग्राम बंद. कॅमेरा वेगळ्या वाटेने येतो, त्याचं काही अडत नव्हतं. जी खोली आपण वापरणारच नाही तिची भिंत सरळ करत बसण्यापेक्षा ती बांधू नये. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. असे निर्णय चूक वाचून होत नाहीत, आपलं काम काय आहे हे आठवून होतात.

मारला गेला

संध्याकाळी बांधकाम नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. चहा आला. आणि स्क्रीनवर उमटलं : ‘किल्ड’. सीसी-वन-प्लस हा प्रोग्राम मारला गेला.

कुणी मारला? इथे चूक दाखवणारी ओळ नाही, फाइल नाही, बाण नाही. प्रेत तेवढं आहे. सीसी-वन-प्लस म्हणजे जीसीसीच्या आतला, सी प्लस प्लस खरोखर वाचणारा गडी. सी प्लस प्लसची एक खोड आहे. फाइल दिसते दोनशे ओळींची. पण तिच्या डोक्यावर ज्या हेडर फायलींची नावं असतात त्या सगळ्या आधी तिच्यात ओतल्या जातात. स्क्रीनवर एक शब्द छापायला लागणारं एकटं ‘आयोस्ट्रीम’ हेडर ओतलं तरी पंचवीस-तीस हजार ओळी होतात. असे चार गडी एकदम आणि पायची मेमरी एक जीबी. पोटात मावेना. लिनक्सचा एक मारेकरी अशा वेळी जागा होतो, सगळ्यांत जास्त मेमरी खाणाऱ्याला निवडतो आणि ठार करतो, म्हणजे बाकीचं घर वाचावं. तो आपली नोंद कर्नलच्या वहीत ठेवतो. तिने ‘डीमेसेज’ आज्ञा दिली आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं : आउट ऑफ मेमरी, आणि मारलेल्याचं नाव.

उपाय दोन. गडी कमी करायचे. आणि मेमरी कमी पडली तर कार्डावरची जागा उसनी वापरायची, तिला स्वॅप म्हणतात. त्यांच्या पायवर ती मुळात 100 एमबी होती, तिने 2048 केली. “कार्ड लवकर झिजतं याने,” ती म्हणाली, “बांधून झालं की परत शंभर.” या वेळी भागीदाराने नव्या कार्डाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवली आणि तिच्यावर तारीख टाकली.

एकाच गड्यावर बांधकाम पुन्हा चालू झालं. जी फाइल वाचताना गडी मेला होता, ती या वेळी पूर्ण वाचून झाली, आणि मग तिच्यातली खरी चूक बाहेर आली. म्हणजे आधीच्या मरणामागे आणखी एक दुखणं झाकलेलं होतं! चूक अशी, की बदलता न येणारा मजकूर बदलता येणाऱ्याच्या खात्यात टाकला जातोय. तिचा प्रोग्राम ज्या पायथन भाषेत आहे, तिच्याशी बोलणारी ही फाइल. इथेही गोष्ट तीच. पायथन 3.7 जून 2018 मध्ये आला आणि त्यातलं एक फंक्शन ‘हा मजकूर घे, पण हात लावू नकोस’ असं बजावून मजकूर द्यायला लागलं. ओपनसीव्हीच्या त्या जुन्या ओळीला हे बजावणं माहीत नव्हतं. डिसेंबरात घर बांधलं, एप्रिलमध्ये एक शेजारी बदलला, जूनमध्ये दुसरा. ही खोली मात्र तिला हवीच होती. एक शब्द वाढवला, ‘कॉन्स्ट’. तेवढ्यावर भागलं.

रात्री साडेनऊला तिने मला बसस्टॉपवर सोडलं. वाटेत तिने आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. तिथे सगळ्या फायली निर्विघ्नपणे कंपाइल झाल्या होत्या, फक्त शेवटची जोडणी होईना. लिंकर म्हणायचा, टिफ चित्र वाचणारं फंक्शन सापडत नाही. लायब्ररी तर समोर होती. दोन दिवसांनी कळलं, त्या मशिनवर टिफच्या दोन लायब्रऱ्या होत्या, एक सिस्टिमची आणि एक ॲनाकोंडा नावाच्या पायथनच्या गाठोड्यातून आलेली. सीमेकने एकीची पाटी वाचली होती आणि लिंकर दुसरीचं दार वाजवत होता. “वरच्या साहेबाने त्या दोन दिवसांचा पगार कापायची भाषा केली. म्हणाला, एक चूक काढायला दोन दिवस लागतात का? दुसऱ्या महिन्यात मी सोडलं.”

शंभर टक्के

बुधवारी सकाळी तिचा मेसेज आला, ‘१००’. मी पोचलो तेव्हा पेढे होते. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट सीव्ही टू’ लिहिलं, तक्रार आली नाही. तिने आपला प्रोग्राम चालवला. कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारी खिडकी उघडायची होती, कारण यंत्र बसवताना कॅमेरा सरळ आहे का ते बघावं लागतं. खिडकी उघडली नाही. उलट लायब्ररी म्हणाली, हे काम माझ्यात बांधलेलंच नाही. जीटीकेचं डेव्हलपमेंट पाकीट बसवा आणि मला पुन्हा बांधा.

भागीदाराने पेढ्याचा पुडा मिटला.

खिडकी काढणारी जीटीके लायब्ररी कार्डावर होती, पण तिचं ‘डेव्ह’ पाकीट नव्हतं. डेबियन लिनक्सच्या घराण्यात लायब्ररी आणि तिची हेडरं वेगळ्या पाकिटांत मिळतात. वापरणाऱ्याला पहिलं पुरतं, बांधणाऱ्याला दोन्ही लागतात. सीमेकने हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. ती गोषवारा वर सरकवत गेली आणि मी चष्मा लावून पाहिलं : जीयूआय या मथळ्याखाली, जीटीके, पुढे ‘नो’. चूक नव्हे, इशारासुद्धा नव्हे. दोन पानांतला एक शब्द. इतक्या दिवसांत तीन माणसांनी तो नजरेखालून घातला होता आणि त्यातला एक व्यवसायाने मुद्रितशोधक.

तिने पाकीट बसवलं. बिल्डचा फोल्डर पूर्ण पुसला, कारण सीमेक एकदा पाहिलेलं आपल्या खतावणीत लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा बघत नाही. जुनी खतावणी राहिली तर कधी कधी जुनाच ‘नो’ परत येतो. सीमेक चालवला. गोषवारा आला. या वेळी तिने तो प्रिंटरवर छापला आणि माझ्या हातात लाल पेन दिलं. मी ओळ न् ओळ वाचली, प्रत्येक ‘नो’पाशी थांबून विचारलं, हे लागतं का? एकोणीस वेळा ती ‘नाही’ म्हणाली. मग मेक सुरू केला, एकाच गड्यावर, आणि आम्ही शटर ओढून घरी गेलो.

गुरुवारी सकाळी खिडकी उघडली. तिच्यात गाळ्याचं छत, पंखा आणि एक कॅरेट दिसत होतं, ‘ब’ला वर्तुळ असलेलं. यंत्राने मालकाचं नाव बरोबर सांगितलं. स्वॅप परत शंभरवर आणला. कार्डाच्या दोन नकला काढल्या, एक गाळ्यात आणि एक तिच्या मंचरच्या घरी.

शुक्रवारी यंत्र टेम्पोत चढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने एक कागद चिकटवला आहे, वर प्लास्टिक लावून. त्यावर ओपनसीव्हीची आवृत्ती, कॉन्ट्रिबची तीच आवृत्ती, सीमेकला दिलेली पूर्ण आज्ञा, ‘कॉन्स्ट’ कुठे घातला त्या फायलीचं नाव, आणि खाली भागीदाराच्या अक्षरात : जीटीके डेव्ह आधी बसवणे.